बायरची पिशवी: कापडखरेदीला निघणाऱ्या नवख्याने कोणती साधनं घ्यावीत, कोणती नाही

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी इथल्या कपड्यांच्या दुकानांसाठीची घाऊक खरेदी अजूनही बऱ्याच अंशी हाताच्या स्पर्शावर चालते. तागा चिमटीत धरायचा, चोळायचा, उजेडासमोर धरायचा आणि भावाला बसायचं. हात वर्षानुवर्षं मुरलेला असेल तर ते जमतं. बायर म्हणून, म्हणजे दुकानासाठी माल निवडून विकत घेण्याच्या कामाला, नुकती सुरुवात केलेल्या मुलामुलींचा हात मुरलेला नसतो आणि समोरचा व्यापारी ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो. हात मुरेपर्यंत मोजमापाचा आधार घ्यायला हवा, आणि त्यासाठी लागणारी साधनं एका खांद्याच्या पिशवीत मावतात.

हे परीक्षण त्या साधनांचं आहे. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात किंवा मुंबईच्या मंगळदास मार्केटात गाळ्यावर उभ्या उभ्या काय वापरता येतं, माल घरी आल्यावर काय कामाला येतं, आणि किनाऱ्यावरच्या हवेत काय टिकतं, या तीन गोष्टी पाहिल्या आहेत. मोठ्या रिटेल कंपनीत असिस्टंट बायर म्हणून लागणाऱ्यालाही ही पिशवी उपयोगी आहे. तिथे लॅबचा रिपोर्ट टेबलावर येतो, पण ज्याने हे आकडे एकदा स्वतःच्या हाताने काढलेत, त्यालाच तो रिपोर्ट नीट वाचता येतो.

वजनकाटा: सगळ्यात आधी हा

कापडाचा जाडपणा बाजारात जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापला, त्याचं वजन केलं आणि आलेल्या आकड्याला १०० ने गुणलं की जीएसएम मिळतं. तुकडा १.२० ग्रॅम भरला तर कापड १२० जीएसएमचं.

इथेच काटा निवडताना लोक फसतात. दागिन्यांच्या वजनासाठी मिळणारे खिशातले काटे दोन प्रकारचे असतात: ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारे आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारे. आपण वजनाला १०० ने गुणणार, म्हणून ०.१ च्या काट्यावर एका घराचा फरक १० जीएसएमचा होतो. १६० आणि १७० जीएसएमच्या टी-शर्टमधला फरक मग कळणारच नाही. काटा ०.०१ चाच घ्या आणि क्षमता ५०० ग्रॅमची घ्या, २०० ची नको. असा काटा काहीशे रुपयांत मिळतो.

५०० ग्रॅम कशासाठी, तर साडीसाठी. साडीचा तुकडा कापून देतो कोण? पण अख्खी साडी काट्यावर ठेवता येते. ब्लाऊजपीससकट लांबी ६.३ मीटर, पन्हा (रुंदी) १.१५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७.२५ चौरस मीटर. साडी ४३५ ग्रॅम भरली तर भागून उत्तर येतं ६० जीएसएम. दुसऱ्या खेपेला त्याच डिझाईन नंबरची साडी ३९० ग्रॅम भरली, तर एकतर कापड पातळ झालंय किंवा लांबी कमी आहे. दोन्हींपैकी काय झालं ते टेप लगेच सांगतो. जरीचे काठ किंवा खडे असतील तर हा हिशेब कापडाचा राहत नाही, पण दोन खेपांची तुलना करायला तरीही चालतो.

शर्टिंगचं तसंच. ५८ इंच पन्ह्याचा एक मीटर म्हणजे १.४७ चौरस मीटर. तो १७६ ग्रॅम भरला तर कापड १२० जीएसएमच्या जवळ.

रेयॉन घेताना एक गोंधळ हमखास होतो. व्यापारी '१४ किलो रेयॉन' म्हणतो तेव्हा तो १०० मीटरचं वजन सांगत असतो, म्हणजे एका मीटरला १४० ग्रॅम. नवखा माणूस वहीत १४० जीएसएम लिहून मोकळा होतो. पण पन्हा ४४ इंच असेल तर ते कापड १२५ जीएसएमचं ठरतं, आणि ५८ इंच असेल तर फक्त ९५ चं. पन्हा विचारल्याशिवाय किलोवाला आकडा वहीत लिहूच नये.

काट्याच्या तक्रारीही सांगायला हव्यात. पंख्याखाली दुसरा दशांश स्थिर राहत नाही, झाकण लावून किंवा पंखा बंद करून वजन घ्यावं लागतं. काचेचा सपाट काउंटर लागतो, गाठोड्यावर ठेवून चालत नाही. बॅटरी उतरली की काटा लगेच बंद पडेलच असं नाही, चुकीचं वजन दाखवत राहू शकतो. म्हणून १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन सोबत ठेवा आणि बाजारात शिरण्यापूर्वी एकदा तपासा.

किनाऱ्यावरच्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: कापूस हवेतला ओलावा ओढतो. व्यापारात कापसाचा मान्य ओलावा ८.५ टक्के धरतात, पॉलिएस्टरचा ०.४ टक्के, आणि रेयॉन तर कापसाहूनही जास्त ओढतं. म्हणजे एप्रिलमध्ये कोल्हापुरात १२० भरलेलं सुती कापड जुलैच्या पावसात मालवणला १२४-१२५ भरू शकतं. कापड तेच असतं, आत पाणी वाढलेलं असतं. उलट पातळ मालही पावसाळ्यात बरोबर भरल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे. ऑर्डर देताना घेतलेलं कात्रण जपून ठेवायचं, माल आला की नवीन तुकडा आणि जुनं कात्रण एकाच खोलीत चार तास उघडं ठेवायचं आणि दोन्हींचं वजन लागोपाठ करायचं. आकड्यापेक्षा दोघांमधला फरक महत्त्वाचा.

खळीचंही असंच. खळ घातलेलं कापड हाताला भरदार लागतं आणि काट्यावरही जड भरतं. तुकडा कोमट पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा वजन केलं आणि १०-१२ टक्के उतरलं, तर तेवढी खळ तुम्ही कापडाच्या भावाने घेतली असती.

जीएसएम कटर: सुरुवातीला नको

गोल, दट्ट्यासारखं दिसणारं हे यंत्र दाबून फिरवलं की ११.२८ सेंटिमीटर व्यासाची चकती कापून देतं. तिचं क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सेंटिमीटर. निर्यात करणाऱ्या कारखान्यात आणि बाइंग ऑफिसात हे रोजचं साधन आहे. वस्तू चांगलीच आहे, आणि टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या विणीच्या कापडावर, म्हणजे होजियरीवर, कात्रीपेक्षा नक्कीच अचूक, कारण जर्सीची कड कापताक्षणी गुंडाळते आणि कात्रीचा तुकडा वाकडा निघतो.

पण ते काही हजारांना पडतं, वजनदार आहे, खाली रबरी पॅड लागतो आणि आतली चार पाती बोथट झाली की चकतीच्या कडेला धागे लोंबतात. ते धागे वजनात धरले जातात. शिवाय घाऊक बाजारातला कुठलाही व्यापारी तुम्हाला ताग्याच्या मध्यात एवढं मोठं भोक पाडू देणार नाही. त्याऐवजी पत्र्याचा किंवा जाड अ‍ॅक्रिलिकचा १० बाय १० चा चौकोन सुताराकडून अथवा साइनबोर्डवाल्याकडून कापून घ्या. त्याच्या कडेने धारदार कटर फिरवायचा. एका बाजूला एक मिलिमीटर चुकला तर उत्तर एक टक्क्याने चुकतं. एवढी चूक खरेदीच्या निर्णयाला आड येत नाही. स्वतःच्या लेबलचा माल शिवून घ्यायला लागाल, तिरुप्पूरहून होजियरी मागवाल, तेव्हा कटर घ्या. त्याआधी नाही.

भिंग, अर्थात पिक ग्लास

पितळेचं किंवा पत्र्याचं, तीन घड्यांचं, खाली एक इंचाची चौकट असलेलं भिंग. इचलकरंजीत मिलस्टोअरच्या दुकानांत मिळतं, ऑनलाइनही मिळतं. अर्ध्या इंचाचं स्वस्त पडतं, पण घेऊ नका. अर्ध्या इंचात एक धागा चुकला की इंचाला दोन चुकतात.

उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. बाजारात दोन्हींचा आकडा 'रीड-पिक' म्हणून सांगतात. केम्ब्रिक (बारीक सुती कापड) घेताना '६०-६०, ९२-८८' असं ऐकू येतं. पहिली जोडी सुताचा काउंट (आकडा मोठा तितकं सूत बारीक), दुसरी इंचातले धागे. चौकटीची एक कड धाग्याला चिकटवून ठेवायची आणि सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत मोजायचं. किनारीजवळ मोजायचं नाही, तिथे धागे मुद्दाम दाट असतात. ताग्याच्या तीन वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी घ्यायची. ९२ च्या जागी ८८ आले तर भावात बोलायला जागा आहे, ८० आले तर तो मालच वेगळा आहे.

काटा आणि भिंग एकत्र वापरले की खरी मजा येते. दोन्ही काउंट ६० आणि धागे ९२-८८ असतील, तर ९२ भागिले ६० अधिक ८८ भागिले ६० बरोबर ३. त्याला साधारण २५.६ ने गुणलं की ७७ जीएसएम. भिंगाखाली धागे बरोबर आहेत आणि धुतलेला तुकडा ६६ च भरतोय, तर सूत ६० पेक्षा बारीक वापरलंय. हे नुसत्या हाताला कधीही कळणार नाही, आणि गाळ्यावर शांतपणे हा हिशेब मांडणाऱ्या पोराशी व्यापारी पुढच्या खेपेपासून वेगळं बोलतो.

प्रिंट तपासायलाही भिंगच. फुलाचा रंग बाह्यरेषेच्या बाहेर किती सरकलाय ते दिसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो मोठा करून काम भागतं असं म्हणतात. बाण्यासाठी भागतं, बारीक ताण्यासाठी नाही.

लोहचुंबक: किनाऱ्यावरच्या बायरने विसरू नये अशी वस्तू

या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि आमच्या मते कोकणासाठी सगळ्यात मोलाची. रेफ्रिजरेटरच्या दारावर लावतात तसला साधा चुंबकही चालेल, छोटा निओडिमियमचा असेल तर उत्तम.

ब्लाऊजचे हुक, जीन्सची बटणं, रिव्हेट, पर्सची कडी, लहान मुलांच्या फ्रॉकचे टिचबटण, कुर्त्याच्या गळ्यावरची धातूची लटकन: या सगळ्यांना चुंबक लावून पाहायचं. घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे, वर फक्त मुलामा. खाऱ्या हवेत मुलाम्याला कुठे ओरखडा गेला की तिथून गंज धरतो, आणि गंजाचा तपकिरी डाग पांढऱ्या किंवा फिक्या कापडात उतरला की निघत नाही. घाटावर हाच माल दोन वर्षं पडून राहिला तरी काही होत नाही, म्हणून तिकडचा व्यापारी प्रामाणिकपणे 'कधी तक्रार नाही आली' असं सांगतो. वेंगुर्ल्याला किंवा दापोलीला एक पावसाळा पुरतो. पितळ, जस्ताचा मिश्रधातू, प्लास्टिक यांना चुंबक धरत नाही. चेन शक्यतो नायलॉनची घ्या.

हुक बदलून देता का, असं ऑर्डरच्या वेळी विचारलं तर बरेच उत्पादक देतात. पितळी हुकाने ब्लाऊजमागे वाढणारा खर्च किरकोळ असतो. माल आल्यावर विचाराल तर उपयोग नाही.

जरीला मात्र चुंबकाचा उपयोग नाही. नकली जरीत तांबं किंवा प्लास्टिकवर धातूचा थर असतो. तांब्याची जरी दमट हवेत काळी पडते. अशा साड्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत न ठेवता सुती किंवा मलमलच्या कापडात ठेवा, आणि गणपतीसाठी घेतलेला जरीचा माल पुढच्या शिमग्यापर्यंत गोदामात राहील अशा बेताने घेऊच नका.

पांढरा रुमाल आणि मिठाचं पाणी

रंग उतरतो की नाही ते पाहायला लॅबमध्ये क्रॉकमीटर असतो: ठरावीक दाबाने पांढरं सुती कापड दहा वेळा घासायचं, एकदा कोरडं, एकदा ओलं. गाळ्यावर हेच बोटाला पांढरा सुती रुमाल गुंडाळून होतं. दाब थोडा कमीजास्त होईल, पण मरून, नेव्ही, काळा आणि गडद लाल यांतला वाईट माल लपत नाही. कोरड्यात रुमाल स्वच्छ राहिला पाहिजे. ओल्यात अगदी हलकी छटा चालेल. रुमालावर रंग स्पष्ट ओळखू येत असेल तर त्या शेडला हात लावू नका. इंडिगोच्या डेनिमला हा नियम लावायचा नाही, तो थोडा उतरतोच.

कोकणात घामाची चाचणी त्याहून महत्त्वाची. मे महिन्यातलं लग्न, अंगात गडद ब्लाऊज, आणि संध्याकाळी काखेतला रंग साडीवर. घरी करायची पद्धत: एक लिटर पाण्यात एक सपाट चमचा मीठ, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. कापडाचा तुकडा आणि तेवढाच पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा एकत्र टाचून त्यात अर्धा तास भिजवायचा, हलका पिळायचा, दोन काचांमध्ये दाबून उबदार जागी चार तास ठेवायचा. लॅब हेच ३७ अंशांवर आणि नेमक्या रसायनांनी करते. घरच्या चाचणीत पास झालेलं लॅबमध्ये नापास होऊ शकतं, पण घरीच नापास झालेलं पुढे पास होईल ही आशा सोडा.

रुमाल दर वेळी नवा नको, पण धुतलेला आणि नीळ न घातलेला हवा. निळीचा रुमाल निळ्या रंगाचा निकाल बिघडवतो.

टेप

शिंप्याची कापडी टेप वापरून ताणली जाते. सहा महिन्यांतून एकदा स्टीलच्या पट्टीशी लावून पाहा, पाव इंचाचा फरक दिसला तर फेका. कुर्ती सपाट टेबलावर पसरून, काखेखाली एक इंचावर छाती मोजायची आणि दुप्पट करायची. एम ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४ हे बाजारातलं नेहमीचं गणित, अर्ध्या इंचापर्यंत कमीजास्त मान्य. प्रत्येक साइझचा एक नग मोजा. एकाच साइझचे दहा मोजण्यापेक्षा त्यात जास्त चुका सापडतात, कारण कटिंगचा पॅटर्न लहानमोठा करतानाच चूक होते.

साइझच्या सेटबद्दल थोडं. घाऊकवाला चार साइझचा एकेक नग असा सेट देतो. दुकानात मात्र मधल्या साइझ आधी संपतात आणि टोकाच्या उरतात. विक्रीच्या वहीत प्रत्येक नगासमोर साइझ लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावली, तर पुढच्या हंगामात १:२:२:१ असा सेट मागता येतो. माल जास्त असेल तर व्यापारी देतो. बायरचं निम्मं कौशल्य या वहीत आहे असं आम्ही ठामपणे म्हणू.

आटण्याची चाचणी, काडी आणि हवेचं मीटर

आटणं पाहायला साधन म्हणजे कपड्यावरचा पक्का पेन. तुकड्यावर २५ बाय २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, तीन वेळा धुवा, सावलीत वाळवा, मोजा. २५ चे २४ झाले म्हणजे ४ टक्के. शर्टिंग-कुर्तीच्या कापडाला ३ टक्क्यांपर्यंत ठीक, होजियरीला ५. रेयॉन याहून जास्त आटू शकतं. ४६ इंची कुर्ती ५ टक्के आटली तर सव्वादोन इंच गेली, आणि ती गिऱ्हाईक परत घेऊन येते. बाजारात उभ्याने ही चाचणी होत नाही. म्हणून पहिली ऑर्डर कमी नगांची द्या आणि कात्रण घरी आणा.

काडीची परीक्षा 'प्युअर कॉटन' आणि 'प्युअर सिल्क'साठी. चिमट्यात दोन-चार धागे धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवा. कापूस कागदासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख सोडतो. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. ताणा आणि बाणा वेगवेगळे काढून जाळा, कारण मिश्र कापडात बऱ्याचदा एकाच दिशेला पॉलिएस्टर असतं. रेयॉन आणि कापूस यातून ओळखता येत नाहीत, दोन्ही लाकडाच्या-कापसाच्या सेल्युलोजचेच. आणि ही परीक्षा व्यापाऱ्याच्या गाळ्यात कधीही करायची नाही. भोवती कापडाचे ढीग असतात.

डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ, खरेदीत नाही पण गोदामात लागतं. आकडा ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर निश्चिंत. ७० च्या वर दिवसचे दिवस राहिला तर सुती मालावर बुरशीचे काळे ठिपके येतात. स्वस्त मीटर पाच टक्क्यांनी इकडेतिकडे दाखवतं हे धरून चाला. गठ्ठे भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून चार इंच वर लाकडी फळीवर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की काम संपलं, त्या तशाच ठेवून उपयोग नाही.

वही, कात्रण आणि स्टेपलर

हे साधन म्हणून कुणी विकत नाही, पण याच्याशिवाय वरचं सगळं फुकट आहे. ऑर्डरच्या कागदाच्या दोन प्रती. दोन्हींवर कात्रण टाचलेलं. शेजारी डिझाईन नंबर, शेड नंबर, पन्हा, धुण्यापूर्वीचं जीएसएम, भाव, नग, पाठवायची तारीख. एक प्रत व्यापाऱ्याची सही घेऊन तुमच्याकडे. रंग गाळ्याच्या दिव्याखाली न ठरवता कात्रण दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन ठरवायचा. पिवळ्या दिव्याखाली जुळलेले दोन तपकिरी बाहेर वेगळे निघतात.

माल आला की सगळा उघडत बसायची गरज नाही. तयार कपड्यांसाठी जगभर वापरतात तो एक्यूएल २.५ चा तक्ता (लॉटमागे किती सदोष नग चालतील ते ठरवणारा) इथेही लागू पडतो. ९१ ते १५० नगांच्या लॉटमधून वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले २० नग काढायचे. मोठा दोष एका नगात असेल तर लॉट स्वीकारायचा, दोन निघाले तर परत. २८१ ते ५०० च्या लॉटला ५० नग, तीनपर्यंत मान्य, चार झाले की परत. हा नियम ऑर्डरच्या कागदावरच लिहून ठेवला तर नंतर वाद होत नाही.

त्याच वहीच्या मागच्या पानावर पैशाचा हिशेब. ६०० ला घेतलेली कुर्ती १,००० ला विकली तर मार्जिन (विक्रीच्या किमतीवरचा नफा) ४० टक्के, मार्कअप (खरेदीच्या भावावरचा नफा) ६६.६७ टक्के. मुलाखतीत हे दोन शब्द अदलाबदल करणाऱ्याला बायरच्या टेबलावर बसवत नाहीत. आणि किती माल घ्यायचा, तर हंगामाच्या अपेक्षित विक्रीत सूट द्यावी लागेल ती रक्कम आणि हंगामाअखेर ठेवायचा साठा मिळवायचा, त्यातून हातात असलेला माल आणि वाटेवर असलेला माल वजा. अपेक्षित विक्री ८ लाख, सूट ५० हजार, अखेरचा साठा ३ लाख, हातात ४ लाख, वाटेवर दीड लाख, तर खरेदीला उरले ६ लाख. हे सगळे आकडे विक्रीच्या किमतीत आहेत. ४० टक्के मार्जिनने ते खरेदीच्या भावात ३ लाख ६० हजार होतात. इथे चूक झाली की गाठीला पैसे आहेत म्हणून दुप्पट माल उचलला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महागड्या कपड्यांवर १८ टक्के आहे, तेव्हा २,४०० आणि २,६०० यांच्या मधल्या मालाची किंमत जपून ठरवा.

दिनदर्शिका

कोकणातल्या बायरला फॅशन फोरकास्टच्या महागड्या वर्गणीपेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका जास्त पैसे मिळवून देते. इथली मोठी विक्री गणपतीला, चाकरमानी गावी आले की. मग मे महिना, मग शिमगा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. २०२५ च्या ऑर्डरच्या तारखा जशाच्या तशा उतरवल्या तर माल १८ दिवस लवकर येऊन पावसाळी गोदामात पडतो, आणि व्यापाऱ्याच्या पैशाची मुदत मात्र आधीच सुरू होते. उलट ज्या वर्षी सण अलीकडे येतो त्या वर्षी माल वाटेत आणि गिऱ्हाईक दारात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून लग्नाच्या साड्यांचा माल एप्रिलपर्यंत दुकानात लागायला हवा आणि मे अखेरीसाठी साठा ठेवायचा नाही. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, तेव्हा शर्टपीस-पँटपीसचे सेट आणि धोतरजोड्या मात्र वाढवा.

गणपतीचा माल चतुर्थीच्या निदान तीन आठवडे आधी हातात असावा. पावसात आंबा, फोंडा, करूळ यांपैकी एखादा घाट दरडीने बंद झाला की ट्रान्सपोर्टवाला माल लांबून फिरवून आणतो किंवा गोदामात थांबवतो. गठ्ठा गोणपाटात शिवलेला असेल तर आतून प्लास्टिकचं अस्तर मागून घ्या, आणि पोहोचताच ते काढून टाका. आत कोंडलेला ओलावा बाहेरच्या पावसाइतकाच वाईट.

घेऊ नये अशा वस्तू

पँटोनची रंगांची पुस्तिका दुसऱ्याचा तयार माल विकणाऱ्या दुकानाला नको. स्वतः रंगवून घ्याल तेव्हाच ती लागते. महाग असते, उजेडात फिकी होते आणि ठरावीक काळाने बदलावी लागते. ग्रे स्केलचं कार्ड, ज्यावर रंग उतरण्याला १ ते ५ गुण देतात, ते कंपनीत काम करणाऱ्याने जरूर ओळखीचं करून घ्यावं, विकत मात्र कंपनीने घ्यावं.

ज्याला औपचारिक शिक्षण हवं, त्याला खारघरला निफ्टचं (फॅशन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं) मुंबई केंद्र आहे. तिथला फॅशन मॅनेजमेंटचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बाइंग-मर्चंडायझिंगकडेच नेतो. आणि पिशवीतल्या साधनांनी शंका आली पण खात्री झाली नाही, तर मुंबईत प्रभादेवीला टेक्सटाइल्स कमिटीची, आणि घाटकोपरला बीटीआरए व वरळीला सस्मिरा या वस्त्रसंशोधन संस्थांची प्रयोगशाळा आहे. सगळ्या चाचण्या मागवू नका. घामाचा रंग, घासण्याचा रंग आणि आटणं एवढ्या तीन पुरतात. किमान एक मीटर कापड पूर्ण पन्ह्यासकट द्या, ते ताग्याच्या टोकाचं नसावं, आणि पाकिटावर लॉट नंबर ऑर्डरच्या कागदावर आहे तसाच लिहा. रिपोर्टवर तो नंबर नसेल तर व्यापारी 'हा माझा माल नव्हेच' म्हणून हात झटकू शकतो.